मेमरी कार्ड वाचक, संगणकांतर्गत

मेमरी कार्ड वाचक, संगणकांतर्गत : डिजिटल कॅमेरा, मोबाइल फोन, ध्वनिमुद्रक इ. साधनांतील मेमरी कार्डावरची माहिती संगणकात उतरवून घेण्यासाठी व संगणकातील माहिती अशा कार्डावर नोंदविण्यासाठी डेस्कटॉप संगणकाच्या पेटीत कायम बसविलेले उपकरण. यालाच व्यवहारात ‘कार्ड रीडर’ म्हणतात. हेच काम करणारा व केबलीने बाहेरून जोडावयाचा कार्डवाचकही मिळतो. अंतर्गत वाचक पेटीच्या दर्शनी भागात बसत असल्याने मेजावरील जागा व्यापत नाही, हरवत नाही आणि त्याची केबल वारंवार काढावी-घालावी लागत नाही. जेथे रोज अनेक कार्डे रिकामी करावी लागतात, उदा., विवाहसमारंभांचे छायाचित्रण करणाऱ्या स्टुडिओत, तेथे ही सोय महत्त्वाची ठरते. तथापि एकदा बसविलेला वाचक सहसा वर्षानुवर्षे बदलला जात नाही व त्याच्यामधून जाणारी माहिती पुष्कळदा पुन्हा मिळविता येण्याजोगी नसते. त्यामुळे तो निवडताना किंमत व खाचांची संख्या यांपलीकडे काही गोष्टी पाहणे आवश्यक असते.

कार्डवाचकाचा विक्रीच्या वेळी सर्वांत ठळकपणे सांगितला जाणारा गुण म्हणजे तो किती प्रकारची कार्डे वाचतो, हा होय. ‘५० हून अधिक प्रकार’ असे वेष्टनावर छापलेल्या वाचकाला प्रत्यक्षात चार ते सहाच खाचा असतात. एकाच खाचेत बसणाऱ्या कार्डांची निरनिराळ्या क्षमतांची, वेगांची व व्यापारी नावांची गणती वेगवेगळी करून ही संख्या फुगविलेली असते. निवडीच्या दृष्टीने ती जवळजवळ निरर्थक आहे. वापरणाऱ्याजवळ प्रत्यक्षात कोणती कार्डे आहेत आणि संगणकाच्या मदरबोर्डावर वाचक जोडण्यासाठी कोणता जोड मोकळा आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच निवड मुख्यत्वे अवलंबून असते.

पूर्वपीठिका : संगणकाच्या पेटीच्या दर्शनी भागात ३·५ इंची फ्लॉपी डिस्क ड्राइव्हसाठी १०१·६ मिमी. रुंद व २५·४ मिमी. उंच असा कप्पा ठेवण्याची पद्धत होती. फ्लॉपी डिस्कची क्षमता केवळ १·४४ मेगॅबाइट असल्याने डिजिटल कॅमेऱ्यांचा प्रसार झाल्यावर ती अपुरी पडू लागली. जपानमधील सोनी कंपनीने मार्च २०११ मध्ये तेथील फ्लॉपी डिस्कची विक्री थांबविली. तत्पूर्वीच रिकाम्या होत चाललेल्या या कप्प्यात कार्डवाचक बसविण्याची प्रथा रूढ झाली होती. संक्रमणाच्या काळात एकाच चौकटीत फ्लॉपी ड्राइव्ह व कार्डवाचक दोन्ही असलेली उपकरणेही विकली जात. सुमारे १४६ मिमी. रुंदीच्या ५·२५ इंची कप्प्यासाठी मोठ्या मुखपट्टीचे वाचक तयार होतात. लहान वाचक मोठ्या कप्प्यात बसविण्यासाठी वेगळी चौकट मिळते. मात्र अलीकडच्या अनेक पेट्यांच्या दर्शनी भागात असे कप्पेच ठेवलेले नसतात. म्हणून वाचक विकत घेण्यापूर्वी पेटीत कप्पा आहे काय व असल्यास तो बाहेरून उघडतो काय, हे प्रथम पाहावे लागते. हार्ड डिस्कसाठी आतल्या बाजूस असलेला ३·५ इंची कप्पा या कामी उपयोगी पडत नाही.

कार्डांचे प्रकार : सर्व मेमरी कार्डांत माहिती साठविण्याचे काम फ्लॅश स्मृती करते. वीजपुरवठा तोडल्यावरही तीतील माहिती टिकून राहते. कार्डांमधील फरक हा आकार, संपर्कपट्ट्यांची मांडणी व संदेशवहनाची पद्धत यांत असतो. सॅनडिस्क कंपनीने १९९४ मध्ये आणलेले काँपॅक्टफ्लॅश कार्ड ४३ मिमी. × ३६ मिमी. आकाराचे असून त्याला ५० छिद्रे असतात व वाचकातील ५० बारीक पिना त्यांत शिरतात. तोशिबा कंपनीचे स्मार्टमीडिया (१९९५), सोनी कंपनीचे मेमरी स्टिक (१९९८) आणि ऑलिंपस व फूजीफिल्म या कंपन्यांचे एक्सडी (२००२) ही कार्डे त्या त्या काळी बरीच प्रचारात होती, परंतु नवीन कॅमेऱ्यांतून ती नाहीशी झाली आहेत.

आज सर्वाधिक वापरात असलेले एसडी कार्ड मात्सुशिता (पॅनासॉनिक), सॅनडिस्क व तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये जाहीर केले. त्याचा आकार ३२ मिमी. × २४ मिमी. × २·१ मिमी. असून त्याला मूळ रचनेत ९ संपर्कपट्ट्या असतात. मोबाइल फोनमधील मायक्रोएसडी कार्ड १५ मिमी. × ११ मिमी. एवढे लहान असते. ते एसडीच्या आकाराच्या कवचात घालून मोठ्या खाचेत वापरता येते. या कवचात कोणताही इलेक्ट्रॉनीय घटक नसतो, फक्त तारा एका पट्टीपासून दुसरीपर्यंत नेलेल्या असतात. तेव्हा मायक्रोएसडीची स्वतंत्र खाच नसलेला वाचक त्या कारणासाठी नाकारण्याची गरज नसते.

व्यावसायिक छायाचित्रण व चलच्चित्रण यांसाठी अधिक वेगवान कार्डांची गरज भासू लागल्यावर सीफास्ट, एक्सक्यूडी व त्यांनंतर सीएफएक्सप्रेस ही कार्डे पुढे आली. सीएफएक्सप्रेसच्या २०१९ मधील प्रमाणानुसार अ, ब व क (मूळ नावे टाइप ए, बी व सी) असे तीन आकार ठरविण्यात आले. यांपैकी ब आकार एक्सक्यूडीशी जुळतो. ही कार्डे संगणकातील पीसीआय एक्सप्रेस या पद्धतीनेच संदेशवहन करतात. जुन्या बहुखाची वाचकांत ती बसत नाहीत व त्यांच्यासाठी वेगळाच वाचक घ्यावा लागतो. नावातील साम्यामुळे काँपॅक्टफ्लॅशच्या खाचेत सीएफएक्सप्रेस कार्ड चालेल असा समज होतो, तो चुकीचा आहे.

एकाच आकाराच्या कार्डांतील भेद : वरवर सारखी दिसणारी एसडी कार्डे अंतर्यामी सारखी नसतात आणि निवडीतील बहुतेक चुका येथेच घडतात. मूळ एसडी कार्डाची क्षमता प्रमाणानुसार २ गिगॅबाइटपर्यंत होती. २००६ मध्ये आलेल्या एसडीएचसी प्रकारात ती ३२ गिगॅबाइटपर्यंत, २००९ मधील एसडीएक्ससी प्रकारात २ टेराबाइटपर्यंत व २०१८ मधील एसडीयूसी प्रकारात १२८ टेराबाइटपर्यंत वाढविण्यात आली. मूळ प्रकारात कार्डावरील प्रत्येक जागेचा पत्ता बाइटच्या क्रमांकाने दिला जाई. एसडीएचसीपासून तो ५१२ बाइटांच्या गटाच्या क्रमांकाने दिला जाऊ लागला. हा बदल न समजणारा २००६ पूर्वीचा वाचक एसडीएचसी कार्ड खाचेत नीट बसत असूनही ते ओळखत नाही.

एसडीएक्ससीच्या बाबतीत अडचण वेगळी असते. विद्युत्‌ दृष्ट्या हे कार्ड एसडीएचसीशी बरेच मिळतेजुळते असल्याने पुष्कळ जुने वाचक ते वाचू शकतात, पण त्यावरील फाइलींची मांडणी ‘एक्सफॅट’ या प्रणालीने केलेली असते. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला ती प्रणाली ठाऊक नसेल, तर कार्ड कोरे किंवा बिघडलेले आहे असे समजून ते फॉरमॅट करावयाचे काय, अशी विचारणा पडद्यावर येते. उदा., विंडोज एक्सपीला एक्सफॅटसाठी स्वतंत्र पुरवणी बसवावी लागे. लिनक्सच्या गाभ्यात या प्रणालीचा समावेश २०१९ मध्ये, मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिचे तपशील खुले केल्यानंतर झाला. या विचारणेला होकार दिल्यास कार्डावरील फाइलींची अनुक्रमणी पुसली जाते. कार्डात काही दोष नसताना, केवळ वाचक किंवा ऑपरेटिंग सिस्टिम जुनी असल्यामुळे, एखाद्या समारंभाची सर्व छायाचित्रे अशा रीतीने एका क्षणात दिसेनाशी होऊ शकतात. अशा वेळी कार्ड काढून घेऊन ते ज्या कॅमेऱ्यात वापरले त्यात तपासणे व दुसऱ्या, नव्या वाचकात वाचून पाहणे हा सुरक्षित मार्ग होय. होकार चुकून दिला गेलाच, तर कार्डावर नवे काहीही नोंदवू नये. अनुक्रमणी गेली तरी मूळ माहितीवर दुसरी माहिती लिहिली जाईपर्यंत ती बहुतेक वेळा विशिष्ट प्रोग्रॅमांच्या साहाय्याने परत मिळविता येते.

वेग : कार्डावरून हार्ड डिस्कपर्यंत माहिती ज्या मार्गाने जाते त्यात कार्ड, वाचकाची खाच, वाचकातील नियंत्रक, मदरबोर्डावरील जोड आणि शेवटी माहिती स्वीकारणारी डिस्क एवढे टप्पे असतात. यांपैकी जो सर्वांत मंद असेल त्याचा वेग हाच संपूर्ण मार्गाचा वेग ठरतो. म्हणून एकच टप्पा महागडा घेऊन लाभ होत नाही.

एसडी कार्डाच्या यूएचएस-१ या पद्धतीत (२०१०) सेकंदास कमाल १०४ मेगॅबाइट माहिती जाऊ शकते. यूएचएस-२ पद्धतीत (२०११) कार्डाच्या मागील बाजूस संपर्कपट्ट्यांची दुसरी ओळ असून तिच्यामुळे हा वेग सेकंदास ३१२ मेगॅबाइटपर्यंत जातो. वाचकाच्या खाचेत ही दुसरी ओळ नसेल, तर यूएचएस-२ कार्ड चालते, परंतु यूएचएस-१ च्याच वेगाने. खाचेत डोकावून पाहिल्यास पट्ट्यांच्या दोन ओळी बहुधा दिसू शकतात. वेष्टनावरील मजकुरापेक्षा हा पुरावा अधिक विश्वसनीय मानावा. काही यूएचएस-१ कार्डांवर १०४ पेक्षा बराच अधिक वेग छापलेला आढळतो. तो त्या त्या उत्पादकाने प्रमाणाबाहेर योजलेल्या युक्तीमुळे मिळणारा असून ती युक्ती समजणाऱ्या वाचकातच अनुभवास येतो. कार्डावरील १०, व्ही ३०, व्ही ९० यांसारखी चिन्हे ही लिहिण्याच्या किमान वेगाची हमी देतात. ती कॅमेऱ्यात उपयोगी पडतात, वाचनाच्या वेगाविषयी ती काहीच सांगत नाहीत.

वाचकाला मदरबोर्डाशी जोडणारी यूएसबी ही पद्धतही निरनिराळ्या वेगांची असते. यूएसबी २·० (२०००) चा वेग सेकंदास ४८० मेगॅबिट असा सांगितला जातो. एका बाइटमध्ये ८ बिट असल्याने हे ६० मेगॅबाइट झाले, तर प्रत्यक्षात ३० ते ४० मेगॅबाइटच मिळतात. यूएसबी ३·० (२००८) चा कथित वेग सेकंदास ५ गिगॅबिट असून प्रत्यक्षात ४०० मेगॅबाइटच्या आसपास माहिती जाऊ शकते. बिट व बाइट यांच्या गोंधळामुळे ग्राहकाची फसगत होते, ती बहुधा येथेच. ६४ गिगॅबाइटचे भरलेले कार्ड यूएसबी २·० वाचकातून रिकामे होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. यूएचएस-१ कार्ड व यूएसबी ३·० वाचक असल्यास सुमारे १२ मिनिटे, तर यूएचएस-२ कार्ड व त्यास अनुरूप वाचक असल्यास चार ते पाच मिनिटे पुरतात. परंतु माहिती स्वीकारणारी डिस्क फिरत्या तबकड्यांची व सेकंदास सुमारे १५० मेगॅबाइट लिहिणारी असेल, तर शेवटचा आकडा सात मिनिटांच्या खाली येत नाही. दिवसाकाठी एखादेच कार्ड उतरविणाऱ्या गृहस्थास यूएचएस-१ व यूएसबी ३·० एवढे पुरेसे होते. यूएचएस-२ वाचकाची अधिक किंमत त्याच्या बाबतीत वाया जाण्याचा संभव असतो. उलट, कोणतेही नवे कार्ड वापरणाऱ्याने आता यूएसबी २·० वाचक घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो.

मदरबोर्डावरील जोडणी : यूएसबी २·० चा अंतर्गत जोड दोन ओळींत मिळून ९ पिनांचा असतो. दहावी पिन मुद्दाम गाळलेली असते, म्हणजे केबलीचे टोक उलटे बसू नये. यूएसबी ३·० चा जोड १९ पिनांचा व अधिक मोठा असतो. या दोन्हींवर प्रत्येकी दोन द्वारांची सोय असते. मदरबोर्डावर १९ पिनांचा जोड पुष्कळदा एकच असतो आणि पेटीच्या दर्शनी भागावरील यूएसबी द्वारांनी तो आधीच अडविलेला असतो. नवा वाचक आणल्यावर हे लक्षात येते व १९ पिनांचे टोक ९ पिनांच्या जोडावर बसविणारी रूपांतरक केबल वापरून वेळ मारून नेली जाते. असे केल्यास यूएसबी ३·० साठी दिलेले पैसे पाण्यात जातात, कारण वेग पुन्हा यूएसबी २·० चाच मिळतो. याऐवजी मदरबोर्डावरील पीसीआय एक्सप्रेसच्या मोकळ्या जागेत १९ पिनांचा जोड असलेले पूरक कार्ड बसविणे, किंवा मुखपट्टीवर यूएसबी द्वारे असलेला वाचक घेऊन पेटीवरील मूळ द्वारांचा त्याग करणे, हे पर्याय अधिक योग्य होत.

१९ पिनांच्या जोडाची केबल जाड व ताठ असते आणि ती तिरपी ओढल्यास पिना वाकतात. ही केबल बसविताना व काढताना सरळ रेषेतच बल लावावे. जुन्या मदरबोर्डांवर आणखी एक धोका असे. आयईईई १३९४ म्हणजे फायरवायर या पद्धतीचा अंतर्गत जोडही ९ पिनांचा व दिसण्यात यूएसबी २·० च्या जोडासारखाच असून त्यावर १२ व्होल्टचा दाब असतो. यूएसबीचा दाब ५ व्होल्ट असल्याने चुकून त्या जोडावर बसविलेला वाचक आणि त्यातील कार्ड जळून जाऊ शकते. मदरबोर्डासोबतच्या पुस्तिकेतील आकृती पाहिल्याशिवाय, तसेच मुख्य वीजपुरवठा बंद केल्याशिवाय जोडणी करू नये.

खाचांची बांधणी : काँपॅक्टफ्लॅशच्या खाचेतील ५० पिना हा त्या वाचकाचा सर्वांत नाजूक भाग होय. कार्ड तिरपे किंवा उलटे दाबल्यास एखादी पिन वाकते, शेजारच्या पिनेस टेकते व त्यामुळे वाचक, क्वचित कार्डही, निकामी होते. कार्डाच्या दोन्ही कडांना धरून ठेवणारी खोल मार्गिका असलेला वाचक या दृष्टीने चांगला. उथळ खाचेत कार्ड डळमळते. एसडीच्या खाचेत दाबल्यावर कार्ड बाहेर ढकलणारी स्प्रिंग कालांतराने ढिली पडते. ज्यांत कार्ड नुसतेच सरकवावयाचे असते अशा खाचा दिसायला साध्या असल्या तरी अधिक टिकतात.

एसडी कार्डाच्या कडेला असलेली लहानशी सरकपट्टी ‘लिहिण्यास मनाई’ या खुणेसाठी असते. या पट्टीचा कार्डातील इलेक्ट्रॉनीय मंडलाशी काहीही संबंध नसतो. ती कोणत्या जागी आहे हे खाचेतील एक छोटा स्विच पाहतो व मनाई पाळावयाची की नाही हे वाचक ठरवितो. त्यामुळे पट्टी कुलूपबंद केली म्हणजे माहिती सर्वत्र सुरक्षित राहील, अशी खात्री देता येत नाही. उलटपक्षी खाचेतील स्विच झिजल्यास चांगल्या कार्डावरही लिहिता येत नाही आणि दोष कार्डाचा समजून ते विनाकारण फेकून दिले जाते.

ऑपरेटिंग सिस्टिमशी संबंध : बहुखाची वाचकाची प्रत्येक खाच संगणकाला स्वतंत्र ड्राइव्ह म्हणून दिसते व विंडोजमध्ये प्रत्येकीस एकेक अक्षर मिळते. चार खाचांचा वाचक अशा रीतीने चार अक्षरे अडवितो. कार्यालयीन जाळ्यातील सामाईक फोल्डरांना तीच अक्षरे दिलेली असल्यास घोटाळा होतो. विंडोज एक्सपी नव्याने बसविताना वाचक जोडलेला राहिल्यास त्याच्या खाचांना आरंभीची अक्षरे मिळून मुख्य डिस्कला ‘सी’ ऐवजी भलतेच अक्षर लाभल्याची उदाहरणे त्या काळी पुष्कळ घडली व नंतर ते अक्षर बदलणे दुष्कर असे. नंतरच्या आवृत्त्यांत रिकामे ड्राइव्ह दृष्टीआड ठेवण्याची सोय झाल्याने हा त्रास कमी झाला आहे. थोडक्या, पण खरोखर लागणाऱ्या खाचांचा वाचक निवडण्यास हेही एक कारण आहे.

कार्ड काढण्यापूर्वी ते अलग करण्याची आज्ञा संगणकाला देणे, विशेषतः कार्डावर काही लिहिले असल्यास, आवश्यक आहे. लिहावयाच्या माहितीचा काही भाग संगणकाच्या स्मृतीत थांबवून ठेवलेला असू शकतो व कार्ड तत्पूर्वी ओढून काढल्यास फाइलींची अनुक्रमणी अर्धवट राहते. याच कारणास्तव अनेक छायाचित्रकार वाचकाचा उपयोग केवळ वाचनासाठी करतात व कार्ड पुसण्याचे काम कॅमेऱ्यातच करतात. छायाचित्रांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर झाल्याशिवाय ते कार्ड पुसत नाहीत.

जुनी कार्डे : मेमरी स्टिक, एक्सडी व स्मार्टमीडिया यांच्या खाचा नव्या वाचकांतून झपाट्याने वगळल्या जात आहेत. यांत स्मार्टमीडियाची अडचण सर्वांत मोठी आहे. या कार्डाच्या आत नियंत्रकच नसल्यामुळे फ्लॅश स्मृतीची सर्व व्यवस्था वाचकाला पाहावी लागते आणि ज्या क्षमतेची कार्डे निर्मितीच्या वेळी अस्तित्वात होती तेवढीच तो वाचू शकतो. शिवाय ही कार्डे ५ व ३·३ व्होल्ट अशा दोन प्रकारची असून त्यांतील भेद कापलेला कोपरा डावीकडे आहे की उजवीकडे यावरूनच ओळखता येतो. ज्या घरांत किंवा संस्थांत २००० च्या सुमाराची छायाचित्रे अद्याप अशा कार्डांवरच पडून आहेत, त्यांनी नवा वाचक बसविताना जुना काढून टाकू नये. ९ पिनांचा जोड मोकळा असल्यास जुना यूएसबी २·० वाचक त्यावर व नवा १९ पिनांच्या जोडावर, असे दोन्ही एकाच पेटीत चालतात. पेटीत दुसरा कप्पा नसेल, तर जुन्या वाचकाची केबल पेटीच्या मागील यूएसबी द्वाराला जोडणारे टोक बसवून तो बाहेर ठेवता येतो व कार्डे उतरवून होईपर्यंत वापरता येतो.